कानाला शिकवलेला शब्द

‘फुटलं’ म्हणायचं नाही. फाटलं, मेलं, गेलं, बंद पडलं, ह्यातलं एक अक्षरही आमच्या डागडुजी मेळ्यात काढायचं नाही, हा नियम माझा. कुणी चुकून बोललाच, तर मी सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्यानं करायची. आयटीआयला बावीस वर्षं वायरमनच्या पोरांना शिकवलेली बाई मी. माझ्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती.

माझं माहेर कासाराचं. आई मिरजेच्या बाजारात बांगड्या भरायची. भरताना एखादी तडकली की आई ‘वाढली’ म्हणायची. ‘फुटली’ म्हटलं असतं तर समोरची बाई हात काढून उठूनच गेली असती. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाही, तेही वाढवतो. वाईटाचं नाव घेतलं की ते उंबऱ्यात येऊन बसतं, एवढीच त्याच्यामागची अक्कल.

मेळ्यात मिक्सर, इस्त्र्या, पंखे येत होते तोवर ह्या नियमाची गरज नव्हती. मिक्सर मेला तर मेला, त्याचं सुतक कोण पाळतंय? पण पुढं ऑक्सिजनची मशीनं यायला लागली, आणि मशीनच्या मागोमाग नाकात नळी घातलेलं माणूसही यायला लागलं. त्याच्यासमोर “वॉशर फाटलाय हो” म्हणायचं? त्या माणसाचं तोंड बघवत नसे. मग एका रविवारी मी सगळ्यांना उभं करून सांगितलं, “वॉशर वाढलाय म्हणायचं. व्हॉल्व्ह वाढला. नळी वाढली. कळलं का?”

कळलं सगळ्यांना. फक्त एकाला निराळंच कळलं.

मेळा भरायचा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, कोल्हापुरात उद्यमनगराच्या मागच्या बाजूला, तालमीच्या हॉलात. आम्ही नऊ-दहाजण. कुणी रिटायर फिटर, कुणी घड्याळजी, एक शिंपीण. इलाही मुल्ला मिक्सर आणि कुकर बघायचा. लोकांनी वस्तू आणायची, शेजारी बसायचं, आम्ही खोलायची, आणि जमलं तर तिथल्या तिथं नीट करून द्यायची. सगळं फुकट. हौस म्हणा, खाज म्हणा. कंपन्यांनी पाच वर्षांवरच्या मशीनचे पार्ट देणं बंद केलं होतं, आणि मशीनचं झाकण बाहेरच्यानं काढलं की ते आपणहून कुलूप लावून घ्यायचं. लोकांनी फार बोंब मारली तेव्हा कायदा झाला, की मेळ्यांना दुरुस्ती करू द्या. पण फुकटात हक्क कुठला मिळतोय? दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनला ‘कान’ लावलाच पाहिजे, अशी अट आली. कान लावला की दाखला, आणि दाखला मिळाला तरच मशीन सुरू.

आता कान म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

ऑक्सिजनचं मशीन हवेतूनच ऑक्सिजन काढतं. आत एक छोटा कॉम्प्रेसर असतो, तो हवा दाबून दोन नळकांड्यांत सोडतो. नळकांड्यांत झिओलाइटचे पांढरे खडे भरलेले. ते खडे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन तेवढा पुढं जाऊ देतात. एक नळकांडं भरलं की व्हॉल्व्ह दुसऱ्याकडं वळतो, पहिलं रिकामं होतं, फुस्स करून. सगळा खेळ दाबाचा. कॉम्प्रेसरच्या पिस्टनला एक टेफ्लॉनचा वॉशर असतो, आपल्या बोटात मावेल एवढा. तो चिरला की दाब बसत नाही, खडे नायट्रोजन धरत नाहीत, आणि नळीतून येते ती नुसती साधी हवा. माणसाला वाटतं मशीन चालू आहे. आवाज येतोय, वारं येतंय. श्वास मात्र पुरत नाही.

कान म्हणजे रुपयाएवढी चकती. मशीनच्या पाठीला चिकटवायची. आतली थरथर ती सेकंदाला हजारो वेळा टिपते. पण थरथर म्हणजे तिच्या लेखी नुसत्या रेघा, त्यांचा अर्थ माणसानंच सांगायला लागतो. म्हणून आम्ही मशीन खोललं, दोष बघितला, की कानापाशी तोंड नेऊन बोलायचं, काय झालंय ते. रेघ आणि शब्द, रेघ आणि शब्द, असं शेकडो वेळा झालं की कान स्वतःच ओळखायला शिकतो. मग मशीन न खोलताच सांगतो, आत काय बिघडलंय ते.

कान बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याचा, निरंजन बेलवलकर. पहिल्यांदा आला तेव्हा मी पाठ केल्यासारखं शुद्ध बोलायला लागले, तर म्हणाला, “नाही नाही, काकू! तुम्ही एरवी बोलता तसंच बोला. आम्हाला तुमचीच भाषा हवीय. पुस्तकी मराठी आमच्याकडे पुष्कळ आहे.”

मला बरं वाटलं. का वाटू नये? आयटीआयला बावीस वर्षं इंग्रजी मॅन्युअलं वाचून घसा कोरडा केला होता. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, की बाई, तुझं बोलणं मशीनला शिकव. आणि जिल्ह्यात ऑक्सिजनचं मशीन खोलणारी तेव्हा मी एकटीच. दोन वर्षांत तीनशेच्या वर दुरुस्त्या झाल्या. मी नाहीतर मी शिकवलेल्यांनी केल्या, आणि सगळे माझ्याच शब्दांत बोलले.

हे सगळं मी समाजसेवेसाठी करत होते असं म्हणेन तर जीभ झडेल. आमच्या घरातच एक मशीन होतं. हे, म्हणजे माझे मालक, एकतीस वर्षं फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूची बारीक धूळ छातीत जाऊन बसली. एकाहत्तराव्या वर्षी हॉलपासून मोरीपर्यंत जायचं तर मधे खुर्ची लागायची. नळी काढली की पाच मिनिटांत ओठ निळे. मशीन आठ वर्षांचं. कंपनी हात लावत नव्हती. मेळा होता म्हणून मशीन होतं, आणि मशीन होतं म्हणून हे होते. माझ्या सगळ्या सेवेचं मूळ हे एवढंच.

ह्यांच्या हाताखाली तयार झालेला एकजण होता, कृष्णात पोवार, कंदलगावचा. वय सेहेचाळीस. त्याच धुळीनं त्याचीही छाती गेलेली. दिवाळीनंतरच्या मेळ्यात तो आणि त्याची बायको वनिता मशीन घेऊन आले. नळी नाकात, पण तोंड चालूच.

“काकी, मिस्त्रींनी मला साचा भरायला शिकवलं, तुम्ही श्वास भरून देताय. दोघांचं मिळून माझ्यावर लई झालं बघा.”

“गप बस. बोलून बोलून दम लागंल.”

“दम हाय कुठं लागायला?”

वनिता हसली नाही. मशीन खोललं, वॉशर उभा चिरला होता. नवीन घातला, पिस्टनचा सिलिंडर आतून घासून दिला आणि कानाला सांगितलं, “वॉशर वाढला होता, बदलला.” हिरवा दिवा लागला. कृष्णातनं रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावून आकडा बघितला, ब्याण्णव, आणि वनिताला म्हणाला, “चल, आता वाटंत मिसळ खायची.” मी म्हटलं, तिखट खाल्लंस तर मशीन परत घेईन. असं आमचं चाललेलं.

पौषात निरंजनचा फोन आला. कानाला आता हात दिलेत म्हणाला. म्हणजे कान नुसतं ऐकणार नाही, स्वतः मोटरचा वेगही बदलेल. ऑक्सिजन कमी पडला तर वेग वाढवेल, गरजेपेक्षा जास्त झाला तर कमी करेल. वीज वाचेल, खडे जास्त टिकतील. “तुमचीच शिकवण आहे, काकू,” म्हणाला. मी फोन ठेवून ह्यांना सांगितलं. ह्यांनी खुर्चीतूनच मला सलाम ठोकला.

त्यानंतर वीस-बावीस दिवस गेले असतील. सकाळी दहाची वेळ. मी भाजी निवडत होते. ह्यांचं बोलणं मधेच थांबलं म्हणून वर बघितलं तर मान छातीवर, ओठ जांभळे. चिमटा लावला. ऐंशी. मशीन चालू, हिरवा दिवा. मी बटण फिरवून प्रवाह वाढवला तर मोटरचा आवाज उलट खाली आला. परत वाढवला, आणखी खाली. घरात ठेवलेला छोटा सिलिंडर होता, अडीनडीचा, तासभर पुरणारा. तो जोडला, आणि ह्यांनी डोळे उघडल्यावर मी मशीनकडं वळले.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवलं आणि मूठ माझ्या स्वतःच्या कानाला लावली. गॅरेजमधला कुठलाही पोरगा असंच ऐकतो. आतून फट्-सूं, फट्-सूं. आंधळ्यालाही ओळखू येईल असा चिरलेला वॉशर. आणि हा दीडशहाणा हिरवा दिवा लावून बसलाय? मोबाइलवर कानाची नोंद काढली. तिथं लिहिलं होतं: ‘दाब वाढलेला आहे. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त. वेग कमी केला आहे.’

मी ते तीनदा वाचलं. वाढलेला.

कानानं चूक केली नव्हती हो! चिरलेल्या वॉशरचा आवाज त्यानं बरोबर ओळखला होता. त्या आवाजाला आम्ही काय म्हणतो, तेही त्याला बरोबर आठवत होतं. वॉशर वाढला म्हणजे काय, एवढंच त्याच्या कोशात नव्हतं. वॉशरचं काम दाब धरायचं, तेव्हा दाब वाढला असेल, असं त्यानं आपलं जुळवून घेतलं. पुण्यात नारळ वाढवत नाहीत काय? निरंजनच्या आईच्या बांगड्या कधी वाढल्या नाहीत? त्याला विचारलं असतं तर त्यानं क्षणात सांगितलं असतं. पण माझा आवाज कुणी माणसानं ऐकलाच नाही, मशीननं ऐकून मशीनला सांगितला.

म्हणजे आता जिथं जिथं वॉशर चिरेल तिथं कान मोटर मंद करणार. माणूस गुदमरणार, घरचे बटण फिरवून प्रवाह वाढवणार, आणि ते जितकं वाढवतील तितकं मशीन खाली जाणार.

वॉशर बदलला. वीस मिनिटांचं काम. हे परत नव्वदला आले, म्हणाले, “काय झालं होतं गं?”

“काही नाही. वॉशर.”

फोन हातात घेतला, निरंजनचा नंबर काढला. आणि नियम आठवला. तो सगळ्या मेळ्यांना वाचून दाखवलेला होता, मीच वाचला होता माइकवर. ज्या मेळ्याच्या शिकवणीत चूक निघेल त्याचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवायचा, आणि त्यानं दुरुस्त केलेली मशीनं त्याच दिवशी जमा करायची. रुग्णांना जिल्ह्याच्या साठ्यातून नवीन मशीनं मिळतील. यादीप्रमाणं. पासष्टच्या आतले आधी. बाकीच्यांनी तोवर सरकारी दवाखान्यात राहायचं. आमच्या मेळ्याची अजून वापरात असलेली अडतीस मशीनं होती आणि साठ्यात तीसच्या आसपास. ह्यांचा नंबर कुठं लागणार ते मला न मोजताही कळत होतं. आदल्या वर्षी हे त्या दवाखान्यात नऊ दिवस होते. न्यूमोनिया घेऊन परत आले, तेही कसेबसे.

मी फोन खाली ठेवला.

मनाशी म्हटलं, सांगायचं तर आहेच, पण आधी घरोघरी जाऊन अडतीसच्या अडतीस मशीनं आपण स्वतः ऐकू. शंका आली तिथं नवीन वॉशर घालू. आठ दिवसांत होईल. मग सावकाश, काही कारण काढून, निरंजनला सांगू की तो शब्द बदला. कुणाचं काही अडणार नाही. किती शहाणी बाई! फोन करून अडतीस घरांना दहा मिनिटांत सांगता आलं असतं, की हिरव्या दिव्यावर विसंबू नका. पण फोन केला की कुणीतरी विचारणार, का? आणि अडतीसातला एकजण तरी ते पुढं सांगणार. म्हणून फोन नाही.

स्कूटर काढली, डिकीत हत्यारं आणि वॉशरची डबी, आणि निघाले. रोज पाच-सहा घरं. लोक बिचारे खूश. “काकी, तुम्ही घरी येऊन बघताय? केवढी काळजी!” चहा, पोहे, एका म्हातारीनं तर माझी दृष्ट काढली. पहिल्या चार दिवसांत दोन मशीनं चिरलेल्या वॉशरची सापडली. दोन्हीकडं माणसं अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर सांगून गेले होते, की मशीन हिरवं आहे, म्हणजे छातीच खालावलीय. वॉशर बदलल्यावर संध्याकाळी ती माणसं उठून बसली. त्यांच्या घरच्यांनी माझे पाय धरले. मी पाय काढून घेतले, पण तोंड उघडलं नाही.

पाचव्या दिवशी इलाही फाटकात उभा. “काकी, तुम्ही घरोघर का फिरताय? काय भानगड हाय का?”

“भानगड कसली? तपासणी.”

“मग मी येतो की. दोघं मिळून दोन दिवसांत संपवू.”

इलाहीचा कान माझ्यापेक्षा तेज. एका मशीनला स्क्रू-ड्रायव्हर लावला असता आणि नोंद वाचली असती, तर त्याला सगळं कळलं असतं. मी म्हटलं, “नको. तुझा मिक्सरचा धंदा बघ.” तो बघत राहिला. त्याला लागलं ते मला दिसलं. फाटक ओढून घेऊन गेला.

त्याच दुपारी निरंजनचा फोन. आवाजात नुसता आनंद. “काकू, बातमी! कान आता अकरा जिल्ह्यांत जाणार, पुढच्या महिन्यापासून. पायाभूत शिकवण तुमच्याच मेळ्याची. तुमचा सत्कार ठेवतोय.”

“निरंजन,” मी म्हटलं.

“बोला ना.”

दुसऱ्या खोलीतून ह्यांचं मशीन ऐकू येत होतं. फुस्स. थांबून परत फुस्स.

“काही नाही. सत्कार-बित्कार नको म्हणते मी.”

“तुम्ही फार साध्या आहात, काकू.”

सातव्या दिवसापर्यंत सदतीस मशीनं झाली. राहिलं होतं एकच, कृष्णातचं. ते शेवटी ठेवलं त्याचं कारण म्हणजे माझा ताठा. माझ्या स्वतःच्या हातचं काम, जेमतेम अडीच महिन्यांचं. माझा वॉशर वर्षभर हलत नाही. दुसऱ्यांनी केलेली कामं आधी तपासली, माझं कशाला तपासायचं?

आठव्या दिवशी सकाळी कंदलगावला निघाले. गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती, डोक्याला रुमाल, हळू आवाजात बोलत. मी स्कूटर लांबच थांबवली. एकानं ओळखलं, जवळ येऊन म्हणाला, “काकी, पहाटं गेला. दोन दिवस तडफडला. मशीन चांगलं चाललं होतं, पण छातीनंच साथ सोडली.”

पासष्टच्या आतला होता तो. मी त्या पहिल्या दिवशी फोन केला असता, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी नवीन मशीन आलं असतं. सगळ्यात आधी त्याच्याच घरी.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. मी गेले ते ठरवून गेले. वनिताच्या पाया पडायचं, सगळ्या भावकीसमोर सांगायचं, मग पोलिसांत जा म्हणा, तोंडावर थुंका म्हणा. ह्यांचं काय व्हायचं ते होवो. असं पक्कं ठरवून मी बायकांत जाऊन बसले. घाटावरून माणसं परत आली, कडुनिंबाचा पाला चघळून झाला. वनितानं मला बघितलं आणि उठून माझ्या गळ्यात पडली.

“काकी, तुम्ही नसता तर ही दोन वर्षं मिळाली नसती ओ. डॉक्टर म्हणालेलं सहा म्हैने. शेवटपतुर मशीनचा दिवा हिरवा हुता. मी आपली बटण वाढवत हुते, वाढवत हुते. त्यांचं म्हणणं एकच, काकींचं मशीन हाय, ते दगा द्यायचं न्हाई.”

ती मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. कोपऱ्यात मशीन होतं, पुसून ठेवलेलं, नळी नीट गुंडाळलेली.

“ह्ये घिऊन जावा. तुमच्यापेक्षा नवं हाय, सहाच वर्षांचं. मिस्त्रींना हुईल. ह्यांनीच सांगून ठेवलंय, माझ्यामागं मशीन मिस्त्रींना द्यायचं म्हणून.”

आता सांग, शालन. आता. मी स्वतःला तसं म्हटलं, शपथेवर सांगते. आणि माझा हात मशीनच्या मुठीकडं गेला. वजन चौदा किलो. वनितानं एका बाजूनं धरलं, दाराबाहेर आणलं, स्कूटरच्या पुढं पायाशी ठेवलं. तिच्या दिरानं दोरीनं बांधून दिलं. मी घरी आले.

मशीन खोललं. वॉशर एका बाजूनं पार गेला होता. सिलिंडरला आतून केसाएवढा ओरखडा, मीच घासलेला, पुरता न गेलेला. त्यानंच अडीच महिन्यांत वॉशर कापला. बाईच्या हाताला यश आहे म्हणतात लोक! ओरखडा आरशासारखा साफ केला. नवीन वॉशर घातला. झाकण लावलं. दाखल्यासाठी कानानं विचारलं, दोष सांगा. दुसरा शब्द सांगितला असता, तर कंपनीत कुणीतरी विचारलं असतं, हा नवा शब्द कुठून आला. मी म्हटलं, “वॉशर वाढला होता. बदलला.” हिरवा दिवा लागला.

ह्यांना नळी लावली. दहा मिनिटांत चिमट्याचा आकडा चौऱ्याण्णव. वर्षभरात तो आकडा बघितला नव्हता. गालावर रंग आला, पाठ सरळ झाली.

“झकास चालतंय. कुणाचं आणलंस?”

“कृष्णातचं. वनितानं दिलं.”

ह्यांनी डोळे पुसले. म्हणाले, “वेडा पोरगा. माझ्याआधी कशाला गेला?”

तेवढं ऐकलं आणि माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. शब्द, नियम, यादी, फोन न केलेला, अडतिसावं घर, आत्ता कानाला परत तेच बोलले ते. काही लपवलं नाही. ह्यांच्यासमोर मी कधी रडत नाही, त्या दिवशी जमिनीवर बसून रडले.

ह्यांनी ऐकून घेतलं. दोन्ही हातांनी कानामागची नळी सोडवली, नाकातून काढली आणि मशीनवर ठेवली. हात मांडीवर ठेवून ताठ बसले, फाउंड्रीत भट्टीसमोर बसायचे तसे.

“अहो,” मी म्हटलं, “अहो, काय करताय?”

मी नळी पुढं केली, त्यांनी हातानं बाजूला सारली. मशीन आपलं चालू होतं. छाती वर-खाली व्हायला लागली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. ओठांचा रंग गेला. मी घड्याळ बघितलं नाही. तीन मिनिटं असतील, चार असतील. मी हात जोडले, देवाला नाही, ह्यांना. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आणि मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. डोळे मिटलेलेच होते. हात मशीनवर चाचपायला लागला, झाकणावर, मुठीवर, पलीकडं, सापडेना. मी नळी त्या हातात दिली. त्यांनी ती स्वतःच नाकाला लावली.

बऱ्याच वेळानं श्वास जाग्यावर आला. माझ्याकडं न बघता म्हणाले, “उद्या सांग त्यांना. सगळं सांग.”

“सांगते,” मी म्हटलं.

ह्या गोष्टीला सात महिने झाले. कान अकरा जिल्ह्यांत गेला. तिकडच्या घरांत काय झालं मला माहीत नाही, आणि विचारायची छाती नाही. आमच्याकडं मी दिवसातून चारदा स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकते. हे आता मोरीपर्यंत खुर्चीशिवाय जातात.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी फोन समोर ठेवून ह्यांच्या शेजारी बसले होते. ते पेपर वाचत होते. अकरा वाजले, बारा वाजले, जेवणं झाली. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.